तांबडीचा गोट

गोट कोणी उसवायचा, यावर रविवारची सकाळ अडून बसली होती.

खरं तर आदल्या संध्याकाळी अण्णांनी एक घाव दोन तुकडे केले होते. जेवताना दादानं पुन्हा तो विषय काढला, बेबीनं पुन्हा नकार दिला, आणि इतका वेळ वाटीत चमचा फिरवत बसलेले अण्णा म्हणाले, "काप." एवढंच. ऐंशी उलटलेल्या माणसानं स्वतःच्या हातची गाडी कापायला सांगितल्यावर पुढे कोण काय बोलणार? बेबी अर्ध्या ताटावरून उठली. वहिनीनं ते ताट झाकून ठेवलं, सकाळी ते जसंच्या तसं सापडलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली की तुमच्या बहिणीनं पन्नाशी गाठली, पण रुसायची रीत अजून फ्रॉकमधलीच आहे.

आता सगळे घरामागच्या कारखान्यात होते. एका भिंतीला फायबरचे साचे उभे करून ठेवलेले, दुसऱ्या भिंतीला अण्णांच्या मोगऱ्या आणि हातोड्या टांगलेल्या, आणि मधोमध, चाकांना लाकडी ठोकळे लावून, तांबडी. दोन माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची आणि गोल शेपटाची शर्यतीची गाडी. म्हणजे शर्यतीच्या गाडीची नक्कल. मूळ गाडी ज्या कारखान्यानं काढली तो केव्हाच बंद पडला होता, आणि तिथून बाहेर पडलेल्या मोजक्या गाड्या श्रीमंतांच्या गॅरेजात जाऊन बसल्या होत्या. अण्णांनी ती गाडी पाहिली ती एका मासिकातल्या फोटोंत. ते पत्र्याचे कारागीर, लोकांच्या ठोकरलेल्या गाड्या सरळ करून पोट भरणारे. आई शिवणकाम करायची. अण्णांनी लाकडाचा सांगाडा बांधला, आईनं त्याच्यावर खाकी कागद लावून टाचण्या टोचल्या आणि झग्यासाठी कापड बेतावं तशी गाडी बेतली. त्या कागदावरून पत्रे कापले गेले. अण्णा ते वाळूच्या पिशवीवर ठोकत राहिले, आणि दोन वर्षांनी त्यातून तांबडी उभी राहिली.

पुढे दादानं तांबडीवरूनच साचे काढले आणि फायबरच्या गाड्या बनवायला लागला. त्या घेणाऱ्यांचा क्लब झाला. क्लब झाला म्हणजे अध्यक्ष आला, नियम आले, आणि नियमांवरून भांडणं आली. नकलेची नक्कल दारात बाळगणारी माणसं अस्सल काय आणि नकली काय यावर वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत होती, आणि बाहेरच्या माणसाला हसू आलं तर ते ओठ दाबून आवरावं लागे.

भांडणाचं मूळ तांबडीच्या शेपटात होतं. मूळ गाडीला पेट्रोलचं झाकण उजव्या अंगाला, तांबडीला डाव्या. आणि शेपटाच्या काठाला, बारीक भोकं पाडून, आईनं चामड्याचा गोट शिवला होता, उशीच्या खोळीला शिवतात तसा. मूळ गाडीला गोटबिट काही नाही. गंमत अशी की साचा तांबडीवरून घेतल्यामुळे क्लबातल्या झाडून सगळ्या गाड्यांची झाकणं डावीकडे होती, आणि एका शिंपिणीच्या गोटाची फायबरमध्ये उमटलेली वळी प्रत्येकीच्या शेपटावर होती. ती वळी काही जण अभिमानानं पॉलिश करत.

यंदा मात्र गाडं अडलं होतं. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाला एक संग्राहक मूळ गाडी घेऊन येणार होता, पहिल्यांदाच. क्लबानं ठरवलं की तिच्या शेजारी हॉलमध्ये फक्त तिच्याशी जुळणाऱ्या नकला उभ्या राहतील. बाकीच्या बाहेर मैदानात. बऱ्याच जणांनी आपापल्या गाड्या कापून घेतल्या. उरली ती सगळ्यांची आई, तांबडी.

"बेबी, गोट तूच काढ," दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात घातला तर चामडं फाटेल."

बेबी गाड्यांच्या सीटा शिवते. आई गेल्यापासून तिची मशीनही बेबीकडेच आहे. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती.

*

दादाला बेबी कठोर समजत होती, आणि ते त्याला लागत होतं.

पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी दादा शाळेत जाण्याच्या वयाचा होता. तांबडी नवी कोरी, अण्णांचा सदरा इस्त्रीचा, आईच्या हातात चहाचा थर्मास. माणसं गोल करून बघत होती. तेवढ्यात पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ शेपटाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला की काय राव, मूळ गाडीला झाकण उजवीकडे असतं, तुम्ही डावीकडे कसं लावलंत? चार जण हसले. अण्णांचा चेहरा असा उतरला की दादाला ते आजही नको वाटतं. अण्णांनी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "मासिकात शेपटाचा फोटो उलटा छापला होता," ती म्हणाली, "यांचा काय दोष?" आणि टोपीवाल्याच्या हातात चहाचा कप दिला.

विषय तिथं मिटला. घरी आल्यावर अण्णा ते मासिक शोधायला लागले, तर आईनं ते रद्दीत घातलेलं. अण्णा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. इतक्या जपून ठेवलेल्या अंकाची रद्दी करते म्हणजे काय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, आणि ती मूग गिळून काजं करत बसे.

तेव्हापासून उलटा फोटो ही घराची आणि पुढे क्लबाची आवडती गोष्ट झाली. नव्या सभासदाला चहाबरोबर ती मिळायचीच. दादाही सांगायचा आणि हसायचा, आणि दर वेळी त्याला आत कुठंतरी टोचायचं. आपला बाप एका फोटोला फसलेला माणूस आहे, असाच त्याचा अर्थ होता ना? अण्णाही हसत. पण मूळ गाडी येणार म्हटल्यावर एका संध्याकाळी ते दादाला हळूच म्हणाले होते, "एकदा तिच्या शेजारी आपली उभी राहायला हवी रे. आणि कुणी हसायला नको." त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती. दादाला ती द्यायची होती. त्यासाठी बहीण दुरावली तर दुरावली, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं, आणि ठरवल्यापासून त्याला जेवण जात नव्हतं.

*

क्लबाचे अध्यक्ष आले ते स्वतःच्या गाडीतून. ते पेशानं दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. सगळे त्यांना मिलीमीटर म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांची गाडीही दादाच्याच साच्यातली, पण तिचं झाकण त्यांनी आता उजवीकडे नेलं होतं आणि शेपटावरची वळी घासून काढली होती. आल्या आल्या ते अण्णांच्या खुर्चीपाशी वाकले, त्यांचा हात हातात घेतला, आणि मगच तांबडीकडे वळले.

वहिनीला हा माणूस आवडायचा. कारखान्याचा सगळा व्यवहार तिच्या हातात, त्यामुळे क्लबातली माणसं तिला बिलांच्या बाजूनं माहीत होती, आणि त्या बाजूनं माणूस लवकर कळतो. मिलीमीटर कधी घासाघीस करत नसत. आजच्या कापाकापीला तिचीही संमती होती. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक इच्छा आहे तर पुरी करावी, गाडीचं काय, पत्राच आहे, असं तिचं मत.

भिंगरीही बापाच्या बाजूनं होती. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी, एका जागी न ठरणारी म्हणून भिंगरी. संग्राहकाच्या गॅरेजात जाऊन मूळ गाडीची मापं तिनंच यंत्रानं घेतली होती, आणि नवा साचाही तिनंच आखला होता. ती सांगत होती की झाकण आणि गोट सोडला तर आजोबांची गाडी मूळ गाडीला इतकी जुळते की तिला स्वतःच्या यंत्राचा संशय आला. शेपटाचा बाक तर तंतोतंत.

"ऐकलंत?" बेबी स्टुलावरून मिलीमीटरांना म्हणाली. "नुसत्या फोटोंवरून एवढं काढलं त्यांनी. आणि त्यांची गाडी तुम्हाला हॉलमध्ये चालत नाही."

मिलीमीटर शांत होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ते म्हणाले की नक्कल ही नक्कलच असते, तिचा मान ती किती खरी आहे यात असतो.

"तुम्ही दात बसवायचात," बेबीनं विचारलं, "तेव्हा आधी माणसाचं तोंड बघायचात की पुस्तकातलं चित्र?"

"तोंड बघायचो. पण उजवीकडचा दात डावीकडे बसवत नव्हतो."

वहिनीला हसू फुटलं, दादाही हसला, आणि बेबी हसली नसली तरी तिची हाताची घडी सुटली. मग मिलीमीटर बराच वेळ बोलत राहिले. ज्यांनी मूळ गाडी काढली ती माणसं आता उरली नाहीत, असं ते म्हणाले. कारखाना नाही, त्यांचे वारस नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. त्यांनी झाकण उजवीकडे ठेवलं त्यालाही काही कारण असेल, शर्यतीत पेट्रोल भरणारा माणूस त्या बाजूला उभा राहत असेल. आपण हौसेनं त्यांची गाडी उचलली, तर निदान त्यांचं म्हणणं बदलू नये. बेबीला हे पटलं नाही, पण खोडताही येईना. ती एवढंच म्हणाली की अण्णा-आईंनी काही गिरवलं नव्हतं, त्यांनी गाडी केली होती, आणि केलेल्या वस्तूला स्वतःचं म्हणून काही असतं. आम्हा सगळ्यांच्या गाड्या तांबडीच्या पोटच्या आहेत. आईचा तीळ डाव्या गालावर असेल तर तो खरवडून काढायचा का?

"तीळ नव्हे हो," मिलीमीटर मऊपणानं म्हणाले. "चूक आहे ती. फोटो उलटा होता, अण्णांना कळलं नाही. त्यात कमीपणा काही नाही. पण एका माणसाची चूक आपण सगळ्यांनी किती वर्षं गिरवायची?"

बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण वहिनीचं लक्ष अण्णांकडे होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत, उन्हात बसले होते, आणि चूक हा शब्द आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलून स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. ते हात लपवल्यासारखं दिसलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या हातांना लपताना वहिनीनं पाहिलं नव्हतं. तिच्या मनात आलं की ही इच्छा नाही, ही लाज आहे, आणि आपण सगळे मिळून ती पुरी करायला निघालोय.

ती बेबीच्या स्टुलाशी गेली. "वन्सं, मी चुकले," ती हळूच म्हणाली. "पण आता अण्णांनी सांगितलंय, ते मोडता येणार नाही. उसवायचाच असेल तर तुमच्या हातून उसवू दे. आईंच्या शिवणीला परक्याची कात्री नको."

बेबीनं तिच्याकडे पाहिलं. दोघींचं गेल्या कित्येक दिवसांत धड बोलणं नव्हतं. मग बेबीनं खिशातून बारीक कात्री काढली.

वहिनीनं भिंगरीला डोळ्यांनी खुणावलं, आणि भिंगरी मिलीमीटरांना त्यांच्या गाडीचं नवं झाकण दाखवा म्हणत अंगणात घेऊन गेली. मिलीमीटर शहाणे होते. काही घरच्या गोष्टी घरच्यांनीच कराव्यात हे त्यांना सांगावं लागलं नाही.

*

टाके आईचेच. घट्ट, सारख्या अंतराचे, गाठ आत दडवलेली. बेबी एकेक टाका कात्रीच्या टोकानं उचलून तोडत होती. या शिवणीवरूनच ती स्वतः शिवायला शिकली होती, लहानपणी तांबडीच्या शेपटाशी बसून, बोटानं टाके मोजत. चामडं वाळून कडक झालं होतं, तरी कुठं सुटलं नव्हतं.

गोटाखाली रंग दिलेला नव्हता. तेवढ्या पट्टीपुरता पत्रा उघडा होता, पांढुरका, आणि चामडं जसजसं सुटत गेलं तसतसा तो उजेडात येत गेला. शेपटाच्या मधोमध आल्यावर बेबीचा हात थांबला.

तिथं एक फुली होती. खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, एक थोडी लांब. ॲल्युमिनियमवर खडू टिकत नाही, म्हणून खिळा.

"काय झालं?" दादानं विचारलं. तो ग्राइंडरची वायर सोडवत होता. वाकून बघत म्हणाला, "ओरखडा आहे. घासला की जाईल."

"हो," बेबी म्हणाली.

पण तो ओरखडा नव्हता. ती फुली बेबीनं आयुष्यभर पाहिली होती, कोटाच्या कापडावर, पडद्यांवर, स्वतःच्या फ्रॉकांच्या आत. आई कापड कापलं रे कापलं की उलट्या बाजूला फुली मारायची. ही बाजू आत जायची, अंगाला लागायची, लोकांना दिसायची नाही. बेबी आजही चामड्यावर तशीच फुली मारते. आणि इथं ती फुली बाहेरच्या अंगाला होती, उघड्यावर.

शेपटाचा पत्रा अख्खा एक होता. मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जुळाव्यात असा. फरक काय तो झाकणाच्या भोकाचा. तो सपाट पत्रा जर कुणी पालथा टाकून ठोकला, तर बाक तोच येणार, काठ तोच येणार, फक्त भोक इकडचं तिकडे जाणार. म्हणजे आईनं बरोबर बेतलं होतं. फोटो सरळच होता. पत्रा उलटा ठोकला गेला होता, आणि ठोकला होता अण्णांनी.

आणि आईला ते माहीत होतं. गोट तिनंच शिवला होता, नेमका या फुलीवरून.

बेबी कात्री धरून तशीच बसून राहिली. एक शब्द बोलली तर तांबडी वाचत होती. अण्णांसाठी आईनं मुद्दाम लावलेला हा गोट काढून टाकायला दादाचाही हात झाला नसता. पण तोच शब्द अण्णांना सांगणार होता की चूक मासिकाची नव्हती, तुमची होती. आईनं एवढी वर्षं जे झाकलं ते आपण या वयात त्यांच्यापुढे उघडं करायचं? तिला आईचा राग आला, आणि त्याच वेळी ती इतकी हवीशी झाली की डोळे भरून आले. मग तिनं ठरवलं की बोलायचं नाही. कापली तर कापली गाडी. तिनं सुटलेल्या चामड्याचं टोक पुन्हा फुलीवर पसरलं.

"काय आहे तिथं?" अण्णांनी विचारलं.

ते खुर्चीतून उठून आले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. पेपर वहिनी वाचून दाखवते. पण पत्र्याला डोळे लागत नाहीत, असं ते पूर्वीपासून म्हणत. त्यांनी तळवा शेपटाच्या बाकावर ठेवला, काठापर्यंत आणला, चामडं बाजूला केलं. अंगठा एका रेघेवरून गेला, मग दुसरीवरून. मग थांबला.

दादानं वायर खाली ठेवली.

"बेबी," अण्णा म्हणाले, "तुझी आई फुली कुठल्या बाजूला मारायची?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. सुलट बाजूला, एवढंच म्हणायचं होतं. बेबीनं तोंड उघडलं, आणि अण्णांचा अंगठा अजून फुलीवर होता हे तिनं पाहिलं. त्या हाताशी खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"उलट बाजूला, अण्णा."

*

अण्णांना आता ते सगळं स्वच्छ दिसत होतं, डोळ्यांनी दिसायचं तेव्हा दिसलं नव्हतं इतकं.

कापलेला पत्रा तिनं त्यांच्या हाती दिला तेव्हा फुली त्यांनी पाहिली होती. नक्की पाहिली होती. पण पत्रेवाल्यांच्या धंद्यात फुली म्हणजे तोंड. जी बाजू लोकांना दिसणार तिच्यावर फुली, म्हणजे हातोडी मागून चालवायची. त्यांना त्या दिवशी उलट कौतुक वाटलं होतं की आपली बायको आपल्या पद्धतीनं खूण करायला शिकली. तिला वाटलं असणार, एवढी वर्षं शिंपिणीच्या शेजारी झोपणाऱ्याला शिंपिणीची फुली कळत असेल. दोघांनीही विचारलं नाही. संसारात कितीतरी गोष्टी अशाच न विचारता होतात आणि बऱ्याचशा बरोबर होतात, म्हणून माणूस सोकावतो.

कागद कापून झाल्यावर फोटो पुन्हा कोण बघतो? तो सगळा हिवाळा त्यांनी ते शेपूट ठोकण्यात घालवला. बसवून झालं तेव्हा त्यांनी तिला हाक मारून आणलं. ती भोवती एक फेरी मारून आली. शेपटाशी बराच वेळ उभी राहिली. अण्णा इतके खूश होते की लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "सुरेख झालंय." मग म्हणाली, "रंग लवकर देऊन टाका." आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की हा काठ असा उघडा बरा दिसत नाही, मी गोट लावते, तिथं रंग देऊ नका, चामडं धरणार नाही.

त्यांनी हे सगळं मुलांना सांगितलं, थांबत थांबत, तांबडीला टेकून. सांगताना दोनदा हसले. मासिकापाशी आल्यावर मात्र त्यांनी अंगठा पुन्हा फुलीवर ठेवला.

"म्हणून तो अंक रद्दीत गेला," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही महिनाभर त्यांच्याशी बोलला नाहीत."

"महिनाभर," अण्णा म्हणाले. "आणि ती रोज डबा देत होती."

ते रडले. मोठ्यानं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आपसूक येतं तसं ते येत राहिलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. बेबीनं त्यांचा हात धरला. मघाशी लपलेले ते हात आता शेपटावर उघडे पडले होते, बोटं पसरून.

दादा ग्राइंडरकडे बघत होता. महिनाभर ज्या गोष्टीसाठी तो बहिणीशी झुंजला ती हातातून गेली होती, आणि तरी त्याला फार वर्षांनी हलकं वाटत होतं. आपला बाप फोटोला फसला नव्हता. बायकोनं दिलेला पत्रा त्यानं डोळे झाकून ठोकला होता. यात हसण्यासारखं काय आहे? त्यानं ग्राइंडर उचलून फळीवर ठेवला.

"दादा, तुझं हॉलचं राहिलं," बेबी म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं.

"मैदानात ऊन छान येतं," दादा म्हणाला.

तेवढ्यात मिलीमीटर आणि भिंगरी आत आले. मिलीमीटरांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, फळीवर ठेवलेला ग्राइंडर पाहिला, आणि काय ते समजले. दादानं त्यांना सांगितलं की गाडी कापायची नाही, ती आहे तशीच येईल आणि बाहेर उभी राहील. भिंगरी शेपटाशी गेली, फुलीवर वाकली, आणि बेबीआत्यानं तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली की नवा साचा लोकांना हवा तर देऊ, पण जुना मोडायचा नाही, तो माझा.

मिलीमीटर थोडा वेळ टोपी फिरवत उभे राहिले. ते हटवादी होते, पण दुष्ट नव्हते. त्यांना काहीतरी द्यायचं होतं.

"निदान पाटी तरी चांगली करू," ते म्हणाले. "प्रत्येक गाडीपुढे पाटी असते. तांबडीच्या पाटीवर लिहू की मासिकात फोटो उलटा छापल्यामुळे हिचं झाकण डावीकडे आलं. म्हणजे बघणाऱ्यांना कळेल. एवढं तर खरं आहे ना, अण्णा? फोटो उलटा होता ना?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. बेबी सुईत दोरा ओवत होती, तीही थांबली.

अण्णांनी चामड्याचा गोट फुलीवरून नीट ओढून घेतला, आणि बेबीला टाके घालता यावेत म्हणून काठाशी दाबून धरला.

"ती म्हणाली होती ना उलटा होता?" ते म्हणाले. "मग उलटाच असणार."